दोन-चार एकरांची टिकाऊ शेती कुठं शिकायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या अभ्यासगटात अठरा-वीस जण आहेत, सगळे जालना जिल्ह्यातले, बहुतेकांची जमीन पाच एकरांच्या आत. माझी अडीच एकर, कोरडवाहू. विहिरीला पाणी जेमतेम दिवाळीपर्यंत. गेली काही वर्षं लोक फोनवर, बाजारात गाठून, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. जे स्वतः करून पाहिलंय ते सविस्तर लिहिलंय, बाकीचं थोडक्यात.

टिकाऊ शेती म्हणजे सेंद्रिय शेतीच ना?

तसं नाही. माती वर्षागणिक खालावू नये, विहिरीतलं पाणी पुढच्या पिढीलाही मिळावं आणि मार्चअखेर घरात चार पैसे उरावेत, या तिन्ही गोष्टी जमल्या तर शेती टिकते. एखादा शेतकरी युरिया कमी करत अर्ध्यावर आलाय, तुरीचा पाला जमिनीतच कुजवतो, दर उन्हाळ्यात धुरे, म्हणजे बांध, दुरुस्त करतो. तो या वाटेवर आहे असंच मी म्हणेन. उलट सगळं 'सेंद्रिय' विकत आणून कर्जात गेलेले लोकही मी पाहिलेत.

२०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी जमीनधारण १.३४ हेक्टर निघालं, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. त्यामुळं लहान शेतकऱ्याचं शिक्षण हा कुठला बाजूचा विषय नाही. राज्यातले बहुतेक शेतकरी याच गटातले आहेत.

मी शेतीचं काही शिकलेलो नाही. पहिल्यांदा कुठं जाऊ?

जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात. देशातलं पहिलं केंद्र १९७४ साली पुदुच्चेरीत सुरू झालं. आपल्याकडं आता जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहे. काही केंद्रं कृषी विद्यापीठं चालवतात, काही संस्था चालवतात. बारामती, नारायणगाव, बाभळेश्वर आणि आमचं खरपुडी ही संस्थांची. पिकं, माती, कीड-रोग, फळबाग, जनावरं, गृहविज्ञान असे वेगवेगळ्या विषयांचे तज्ज्ञ एका छताखाली भेटतात आणि सल्ल्याला पैसे लागत नाहीत.

जाताना मात्र नेमका प्रश्न घेऊन जा. "साहेब, तूर वाळतीये" एवढंच सांगितलं तर उत्तरही तेवढंच मोघम मिळतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पदरात तुरीची चार पिवळी पानं बांधून नेली होती. तिथल्या तज्ज्ञांनी पानं बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताई, खोड चिरून पाहिलं का?" मर रोगाची खात्रीची खूण पानात नसते. बुंध्याजवळ खोड उभं चिरलं की आत काळपट रेघा दिसतात. मला परत यावं लागलं, पस्तीस किलोमीटर, आणि एक दिवस वाया गेला. तेव्हापासून अख्खं झाड नेते: मुळासकट उपटलेलं, मुळाला माती तशीच ठेवून, वर्तमानपत्रात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, घाम धरून झाड वाटेतच सडतं. त्याच शेतातलं एक निरोगी झाडही सोबत घ्या. आधी काही फवारलं असेल तर त्याची रिकामी बाटली किंवा पुडा दाखवा, नाव आठवून सांगण्यात चूक होते.

खरपुडीच्या केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेला चर्चासत्र असतं. विजयअण्णा बोराडे यांनी ही प्रथा रुजवली आणि ती वर्षानुवर्षं चालली. मी कितीतरी गोष्टी तिथं मागच्या रांगेत बसून, दुसऱ्या शेतकऱ्यानं विचारलेल्या प्रश्नातून शिकले. तुमच्या केंद्रात अशी ठरलेली तारीख आहे का, हे आधी विचारून घ्या.

कृषी विद्यापीठ आमच्यासारख्यांसाठी असतं का?

असतं. राज्यात चार आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. आपल्या विभागाचं विद्यापीठ धरून चाला, कारण वाणाची आणि पेरणीच्या वेळेची शिफारस विभागाप्रमाणं बदलते. परभणीला १८ मे रोजी, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, खरीप मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, रब्बीचा. खरीप मेळाव्यात विद्यापीठाचं बियाणं मिळतं, त्यासाठी पहाटेपासून रांग लागते. आम्ही चौघी-पाचजणी मिळून एक गाडी करतो. बियाणं मिळालं नाही तरी जैविक खतं आणि बायोमिक्स (उपयुक्त जीवाणू-बुरशींचं मिश्रण) घेऊन येतो.

पिकावर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थाही आपल्याच राज्यात आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. कापूस आणि लिंबूवर्गीय फळं नागपूरला, डाळिंब सोलापूरला, द्राक्षं पुण्याजवळ मांजरीला, कांदा-लसूण राजगुरुनगरला. मोसंबीवाल्यांनी एकदा तरी नागपूरची वारी करावी.

मराठीत वाचायला काय आहे?

विद्यापीठांच्या वार्षिक डायऱ्या. राहुरीची कृषिदर्शनी, अकोल्याची कृषी संवादिनी, परभणीची कृषी दैनंदिनी. एकेका पिकाचं वाण, बियाण्याचं प्रमाण, खतमात्रा, कीड-रोग सगळं त्यात असतं आणि किंमत एका फवारणीच्या औषधापेक्षा कितीतरी कमी. माझ्या जुन्या डायरीचं कापसाचं प्रकरण हाताळून हाताळून निखळलंय. मासिकांत कृषी विभागाचं 'शेतकरी' आणि परभणी विद्यापीठाचं 'शेतीभाती' आहे. २००५ पासून 'अॅग्रोवन' हे रोजचं वर्तमानपत्र निघतं. त्यातल्या यशोगाथा वाचताना आधी खर्चाचा तक्ता पाहा. तो नसेल तर बातमी म्हणून वाचा, सल्ला म्हणून नको.

शेतीशाळा म्हणजे काय? आमच्या गावात "फोटो काढून झालं" असाच अनुभव आहे.

असे अनुभव आहेत, मी नाकारत नाही. पण नीट चाललेल्या शेतीशाळेसारखं शिक्षण दुसरं नाही. ही पद्धत १९८९ मध्ये इंडोनेशियात आली. तिथं भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातलं होतं, आणि जितकी फवारणी वाढली तितके तुडतुडे वाढले, कारण त्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक औषधानं आधी मरत होते. तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं शेतकऱ्यांना बांधावरच किडी मोजायला शिकवलं गेलं. व्याख्यान नाही, फळा नाही. दर आठवड्याला त्याच शेतात जायचं, झाडं निवडायची, मोजायचं आणि फवारायचं की नाही ते गटानं ठरवायचं.

आमच्याकडं कापसावर ही शाळा मनापासून चालली ती २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर. त्या वर्षी बोंडं वरून हिरवीगार आणि आत सगळा चिवडा. त्यानंतर आम्ही तीन गोष्टी शिकलो. एक, डोमकळी ओळखायची. फूल पूर्ण उमलत नाही, पाकळ्या चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या राहतात; उघडली की आत अळी सापडते. दोन, एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावायचे आणि रोज सकाळी पतंग मोजायचे. एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सलग तीन रात्री आले तर उपाय करायची वेळ झाली. तीन, शेतात तिरकं चालत वीस हिरवी बोंडं तोडायची आणि तिथंच फोडायची. दोनांत अळी निघाली म्हणजे दहा टक्के, तीच धोक्याची पातळी.

हे बोंड फोडणं सुरुवातीला जिवावर येतं. पिकलं असतं तर कापूस निघाला असता, असं वाटत राहतं. पण वीस बोंडांच्या बदल्यात आमच्या गटातल्या बहुतेकांच्या दोन फवारण्या वाचल्या आणि ज्यांना खरंच फवारायचं होतं त्यांनी वेळेवर फवारलं. तुमच्या गावात शेतीशाळा मंजूर असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) वेळापत्रक आधी मागा. दर वर्गाला तेच शेत आणि तेच शेतकरी असावेत, असा आग्रह धरा.

जीवामृत खरंच काम करतं का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विदर्भातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी हे घरोघरी पोचवलं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कृती अशी: २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत ठेवायचं, वर गोणपाट झाकायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. ४८ तासांनी तयार होतं, आठवड्याच्या आत वापरून टाकायचं. एका एकराला एवढं पुरतं.

कृषी शास्त्रज्ञांत याबद्दल एकमत नाही. नत्र-स्फुरद म्हणून पाहिलं तर त्यात फारच थोडं असतं. मातीतले जीवाणू वाढवण्याचं ते साधन आहे, असं वापरणारे सांगतात. माझं मत असं की, जमिनीत कुजायला पालापाचोळा, काडीकचरा नसेल तर नुसतं जीवामृत ओतून काही उपयोग नाही. मी आच्छादन असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही तुकड्यांवर टाकून पाहिलं, तेव्हा फरक मला आच्छादनाचा दिसला. तुमच्या जमिनीत वेगळं दिसेल, म्हणून पुढचा प्रश्न वाचा.

"करून पाहा" सगळेच सांगतात. प्रयोग करायचा कसा? नुकसान झालं तर?

म्हणूनच अख्ख्या रानात करायचा नाही. दोन गुंठे घ्या. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे घराच्या अंगणाएवढी जागा.

समजा तुम्हाला सोयाबीन बेडवर, म्हणजे गादीवाफ्यावर, पेरून पाहायचंय. एकाच रानात, एकाच दिवशी, एकाच पोत्यातलं बी चार ओळी बेडवर आणि शेजारच्या चार ओळी नेहमीसारख्या पेरा. बाकी सगळं अगदी सारखं ठेवा. मग बेडच्या चार आणि नेहमीच्या चार ओळींचं खळं वेगवेगळं करून वजन करा. शेजारची 'जुन्या पद्धतीची' पट्टी सोडली नाही तर काहीच कळत नाही, कारण यंदा पीक चांगलं आलं ते पावसानं की बेडनं, हे सांगणार कोण? ही चूक आम्ही पहिली दोन वर्षं केली. सगळ्यांनी सगळीकडं केलं, पाऊसही चांगला झाला आणि सगळे खूश. तिसऱ्या वर्षी पावसानं ओढ दिली, तेव्हा आधीच्या दोन वर्षांतून आमच्या हातात काहीच माहिती नव्हती.

एक मोठी काळजी शेताच्या चढ-उताराची. रानाच्या वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला काळी भारी असेल, तर पट्ट्या उताराच्या दिशेनं पाडा, म्हणजे दोन्ही पट्ट्यांना दोन्ही जमिनी मिळतात.

आणि वही. माझी वही शाळेची दोनशे पानी आहे. तारीख, काय केलं, किती माणसं, किती रुपये, पाऊस किती, बस्स. घरच्या माणसांची मजुरीसुद्धा लिहिते. लोकांना हे नको वाटतं, पण माझे आणि सासूबाईंचे निंदणीचे दिवस मोजले तेव्हाच कळलं की, मिरचीत आम्हाला सुटत होते ते आमच्याच मजुरीचे पैसे होते आणि तेसुद्धा बाजारभावापेक्षा कमी. दुसऱ्या वर्षी मिरची अर्ध्यावर आणली.

आपल्याकडं याची मोठी परंपरा आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच तत्त्वावर. शेतकऱ्यांनी आपापल्या रानात प्रयोग करायचे आणि पत्रानं एकमेकांना कळवायचं. महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीला त्यातून बळ मिळालं. दहा गुंठ्यांत कुटुंबाचं पोट कसं चालेल, यावरही त्यांनी अतिशय बारकाईनं काम केलं.

माती परीक्षणाचा कागद आला, पण उपयोग काय?

नमुनाच चुकीचा घेतला असेल तर काहीच नाही. बांधालगत, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी, नुकतं खत टाकलेल्या रानात माती घेऊ नका. नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत सारखी माती काढा. सगळी घमेल्यात मिसळा, पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत तेच. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या पोत्यात चुकूनही भरू नका. फळबागेसाठी खोलवरची माती लागते, ते केंद्रात विचारा.

मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. सुरुवातीला फक्त सामू (पीएच) आणि सेंद्रिय कर्ब पाहा. कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर महागडी सूक्ष्म अन्नद्रव्यं घेण्याआधी काडीकचरा जाळणं थांबवा.

घरचं बियाणं वापरावं का? उगवेल याची खात्री काय?

सोयाबीन, तूर, मूग, उडीद, हरभरा, गहू, गावरान ज्वारी यांचं घरचं बी चालतं. संकरित कापसाचं आणि इतर कुठल्याही संकरित वाणाचं नाही.

खात्री गोणपाट देतं. मे महिन्याच्या शेवटी मी स्वयंपाकघरात ओट्याखाली हे करते. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला करायचा. पोत्याच्या वरून, मधून, तळातून असं थोडं थोडं बी काढून एकत्र करायचं आणि निवडल्याशिवाय शंभर दाणे मोजायचे. फुटका दाणा आला तर तोही घ्यायचा, कारण पेरताना तोही जाणारच आहे. दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला तुकडा ठेवून हलक्या हातानं गुंडाळी करायची. रोज पाण्याचा हबका. तिसऱ्या दिवशी टोकं दिसायला लागतात. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून सरळ, निरोगी कोंब आलेले मोजायचे. ओला, मातकट वास येतो. बुरशी धरलेले दाणे बोटाला चिकट लागतात.

सोयाबीनचे सत्तर उगवले तर एकरी ३० किलो. साठच उगवले तर हिशोब असा: तीस गुणिले सत्तर, भागिले साठ, म्हणजे ३५ किलो. त्याहून फारच खाली गेलं तर ते बी खायला किंवा विकायला काढा. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल पातळ असतं. पोतं गाडीतून आदळलं की आतला कोंब दुखावतो आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून मळणी यंत्राचा वेग कमी ठेवायचा, थप्पी उंच लावायची नाही. पेरणीही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय नाही, शेजाऱ्यानं तिफण काढली तरी.

एका वर्षी आमच्याकडं दुकानातून आणलेल्या बियाण्यानं दगा दिला. घाईत तपासणी राहिली होती, पिशवीवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला. दुबार पेरणीचे पैसे सोनं गहाण ठेवून उभे केले. तेव्हापासून विकतचं बीसुद्धा गोणपाटात घातल्याशिवाय पेरत नाही, आणि पिशवी, टॅग, पावती व मूठभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवते. तक्रार करायची वेळ आली तर तेच लागतं.

गावरान वाण कुठं मिळतील? ते बी दुसऱ्याला देणं कायद्यानं चालतं का?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांची बीजबँक सगळ्यांना माहीत आहे. बायफ संस्थेनं त्यांच्या कामाला हात दिला आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट वाणांच्या यादीपेक्षा निवडीची आहे: बी धरायचं झाड पीक उभं असतानाच हेरायचं, खळ्यावर नाही. मी वालाच्या आणि दोडक्याच्या वेलाला लाल चिंधी बांधते. त्याची शेंग कुणी तोडायची नाही, असा घरात दंडक आहे.

कायद्याचं म्हणाल तर २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखणं, पेरणं, देवाणघेवाण करणं, विकणं हे हक्क दिलेत. संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं लेबल लावून मात्र विकता येत नाही.

मोबाइलवर कशाचा भरवसा धरू?

किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे, सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीत बोलता येतं. हवामानासाठी मेघदूत आणि वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी ही ॲप आहेत. दामिनी तर प्रत्येक घरात असावं. आमच्याकडं जूनमध्ये वीज पडून माणसं जातात.

व्हिडिओ पाहताना मी आधी एवढंच ऐकते: जमीन कोणती आणि पाणी किती, हे माणूस सांगतोय का? बागायतीतला सल्ला कोरडवाहूला लावून पाहणं फार महागात पडतं. आणि शेवटी बाटली विकायला काढली की मी तो व्हिडिओ बंद करते.

पैसे घेऊन प्रशिक्षण देणाऱ्या शिबिरांना जावं का?

आमच्या गटातल्या दोघांनी तीन दिवसांच्या एका शिबिराला शेळी विकून पैसे भरले होते. राहणं-जेवण उत्तम, भाषणंही उत्तम. शेवटच्या दिवशी सांगितलं की, ही पद्धत त्यांचंच किट घेतल्याशिवाय चालत नाही. शेळी परत आली नाही याचं मला आजही वाईट वाटतं, कारण जा म्हणून सांगणाऱ्यांत मीही होते. आता आम्ही आधी दोन चौकशा करतो. शिकवणाऱ्याचं स्वतःचं शेत पाहायला मिळेल का, आणि मागच्या वर्षी शिकून गेलेल्या दोन शेतकऱ्यांशी बोलता येईल का. शुल्क घेणं वाईट नाही. चांगल्या संस्थांनाही खर्च असतो. पण या दोन गोष्टींना नकार आला तर पैसे भरू नका.

प्रमाणपत्र किंवा पदविका हवी असेल तर?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. शेती सांभाळून, घरी बसून करता येतील असे त्यांचे कृषी अभ्यासक्रम आहेत. दहावीनंतरच्या मुलांसाठी मराठी माध्यमाची कृषी तंत्र विद्यालयं आहेत. आणि ज्याचं शाळेत मन रमत नाही, पण हात चालतो, अशा मुलासाठी शिरूर तालुक्यातलं पाबळचं विज्ञान आश्रम. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये ते सुरू केलं. तिथं निवासी राहून शेती-पशुपालनासोबत वेल्डिंग, वायरिंगही शिकायला मिळतं. आमच्या भागातला एक मुलगा तिथून आला, आता तो गावातली सगळी पेरणी यंत्रं दुरुस्त करतो.

सातबारा माझ्या नावावर नाही. बाईमाणसाला प्रशिक्षणात घेतात का?

कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणाला सातबारा लागत नाही. अनुदानाच्या योजनांना लागतो, ती वेगळी गोष्ट. तरीही अडचण खरी आहे. मी सुरुवातीला बैठकीला गेले की लोक विचारायचे, "मालक नाही आले?" निंदणी, खुरपणी, वेचणी, बियाणं साठवणं सगळं आम्ही करायचं आणि प्रशिक्षणाची खुर्ची दुसऱ्याची.

मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं यावर चांगला मार्ग काढला. बाईनं घरच्यांकडून अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयानं कसण्यासाठी मागून घ्यायचा आणि त्यात नगदी पीक न घेता डाळी, ज्वारी-बाजरी, भाजीपाला असं घरात खाल्लं जाणारं मिश्र पीक घ्यायचं. धाराशिव-लातूरकडं दुष्काळात हेच एकर हिरवं राहिलेलं लोकांनी पाहिलं. २०१७ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मीही असंच अर्धा एकर मागितलं होतं. पहिल्या वर्षी भाजीचा बाजारखर्च जवळजवळ थांबला, तेव्हा उरलेल्या दोन एकरांतही मला विचारायला लागले.

सेंद्रिय माल म्हणून विकायचा तर प्रमाणपत्र फार महाग पडतं का?

निर्यातीचं त्रयस्थ प्रमाणीकरण एकट्या लहान शेतकऱ्याला परवडत नाही. देशातल्या बाजारासाठी पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धत आहे. किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा आणि एकमेकांच्या शेताची तपासणी करायची. बदलाच्या काळात पीजीएस ग्रीन, नंतर पीजीएस ऑर्गॅनिक. एकानं गुपचूप तणनाशक मारलं तर सगळ्या गटाला फटका बसतो, म्हणून माणसं पारखून घ्या. गटाच्या नोंदणीसाठी 'आत्मा'च्या (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) तालुका कार्यालयात चौकशी करा.

कोकणात किंवा गोव्यात असेल तर?

भातासाठी कर्जत आणि काजू-आंब्यासाठी वेंगुर्ला ही दापोली विद्यापीठाची केंद्रं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा भात पद्धत अवश्य पाहा: एकदा गादीवाफे केले की दरवर्षी नांगरणी, चिखलणी, लावणी नाही, भाताची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. गोव्यात जुने गोवे इथं केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. खाजन (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या) जमिनीत शेती करणाऱ्यांनी खाऱ्या पाण्यात तग धरणाऱ्या कोरगुट भाताबद्दल तिथं विचारावं.

आमच्या गावात असा अभ्यासगट सुरू करायचाय. कसा करू?

पाच जणांपासून करा. देणगी, नोंदणी, नाव, बॅनर काही लागत नाही. बैठक देवळात किंवा ग्रामपंचायतीत न घेता पाळीपाळीनं एकेकाच्या शेतात घ्या. पहिला अर्धा तास फक्त रान फिरायचं, कुणी बोलायचं नाही, ज्याला जे दिसेल ते त्यानं वहीत लिहायचं. मग झाडाखाली बसून वाचायचं. एकाच रानात पाच जणांना पाच वेगळ्या गोष्टी दिसलेल्या असतात आणि शेतमालकाला त्यातल्या तीन माहीत नसतात. कुणाचं पीक बिघडलं असेल तर त्याला शिकवायला जायचं नाही, फक्त विचारायचं. आमच्यात पहिल्या वर्षी दोन जण याच कारणानं सोडून गेले, त्यातला एक परत आला.

दिवस अमावस्येचा ठेवा. त्या दिवशी आमच्याकडं बैलांना औताला धरत नाहीत, त्यामुळं सगळे मोकळे असतात. येताना प्रत्येकानं आपली वही आणि ताटलीभर आपल्या रानातली माती आणावी.